मामाचा लॅपटॉप, मिंट आणि साडेपाच तास

ऑगस्टमधे कधीतरी मिरजेच्या मामाचा फोन आला, की अगं कम्प्युटरवर फ्रॉडचा मेसेज आलाय, पूर्ण स्क्रीनभर, मी काही दाबलेलं नाही, डायरेक्ट बटन दाबून बंदच केला. म्हटलं काय लिहिलंय त्यात? तर म्हणे विंडोजचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, काहीतरी करा. "बँकेच्या केवायसीसारखंच वाटलं बघ मला. अमुक तारखेच्या आत करा नाहीतर बंद पडेल." आता त्याला कसं सांगू की मामा, असले शंभर मेसेज तू बरोबर ओळखलेस, हा एकशे एकावा नेमका खरा निघाला.

विंडोज १० आली २९ जुलै २०१५ ला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबले, म्हणजे दहा वर्षं पुरती भरली. थांबले म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही हे मामाला तीनदा सांगितलं. चालूच राहतो, फक्त नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येत नाही. दाराला कुलूप आहे पण कुलूपवाला गाव सोडून गेला असं समज, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला मग आतनं कडी लावू की. तेव्हा हसले, पण शेवटी तेच केलं.

मामा डीटीपीवाला आहे. घराच्या पुढच्या खोलीत पंचवीस-सव्वीस वर्षं हाच उद्योग, लग्नपत्रिका, मुंजी, वास्तुशांत, दहाव्याची कार्डं, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, गणेश मंडळाची पावतीपुस्तकं. सगळं पेजमेकर नावाच्या, पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधे. त्याच्याकडे आहे ती सातवी आवृत्ती. पेजमेकर ७ म्हणजे २००१ सालचं, तीच शेवटची मोठी आवृत्ती, २००४ मधे अडोबीने त्याचं पुढचं काम थांबवलं आणि लोकांना इनडिझाइनकडे या म्हणून सांगितलं. मामा गेला नाही. आमच्याकडच्या कितीतरी छोट्या प्रेस गेल्या नाहीत. आणि पेजमेकरच्या जोडीला मराठी फाँटांची श्रीलिपी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, तिचं डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय ती चालत नाही अशी किल्ली, लॅपटॉपच्या डाव्या यूएसबीत कायम घुसवलेलं, कुठे हरवू नये म्हणून मामीने त्याला लाल लोकरीचा गोंडा बांधलाय.

हे डोंगल आणि फाँट प्रकरण ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण सगळी गोची इथेच आहे. आपण हल्ली मोबाइलवर जे मराठी टाइप करतो ते युनिकोड, त्यात 'क' चा नंबर जगभर एकच. जुन्या फाँटांचं तसं नव्हतं. त्यात फाइलमधे साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि कसलीबसली चिन्हं, फाँट फक्त त्यांना मराठीचं सोंग चढवतो. फाँट काढून घेतला की 'श्री गणेश प्रसन्न' च्या जागी एक उलटं प्रश्नचिन्ह, एक टक्का, डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ असलं काहीतरी उरतं. म्हणजे मामाच्या पंचवीस वर्षांच्या पत्रिका या फाइली नव्हेतच, फाइल अधिक फाँट अधिक डोंगल अधिक विंडोज अशी चौकडी मिळून एक पत्रिका होते. यातला एक जरी उठून गेला तरी बाकीचे तिघे मुके.

आता लॅपटॉप. २०१५ च्या दसऱ्याला घेतलेला, इंटेलचा आय-थ्री ५००५यू, पाचव्या पिढीतला, ४ जीबी रॅम, १ टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क, ५४०० आरपीएम. स्वस्त पडतो म्हणून डॉसवाला, म्हणजे विंडोज न घातलेला घेतला, दुकानातनं विंडोज ७ टाकून आणलं, कारण पेजमेकर त्यावर नीट चालतं असं तेव्हा सगळे सांगायचे, आणि मग २०१६ मधे फुकट अपग्रेडची मुदत संपायच्या आत मीच सुट्टीत जाऊन विंडोज १० वर नेलं. हे ७ वरनं १० वर नेलेलं लक्षात ठेवा, नऊ वर्षांनी त्याने माझी एक अख्खी रात्र खाल्ली.

विंडोज ११ चा विषय दोन मिनिटांत संपला. त्याला प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट लागतं. मामाच्या लॅपटॉपात यातलं सांगण्यासारखं काहीच नाही. रुफस नावाच्या प्रोग्रॅमने ती तपासणी वगळणारा पेन ड्राइव्ह बनवता येतो, ऑफिसातल्या दोघांनी तसं केलंयही, पण मग पुढचे अपडेट येतील याची हमी नाही, आणि ४ जीबी रॅमवर विंडोज ११ म्हणजे म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरची ट्रॉली. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव एक वर्ष विंडोज १० चे अपडेट मिळण्याचीही सोय होती, ती मी जवळजवळ घेतलीच होती. पण लॅपटॉप मुळातच इतका हळू झालेला की मामा सकाळी बटन दाबून देवपूजेला बसायचा आणि पूजा आटपून, नैवेद्य दाखवून आला की डेस्कटॉप आलेला असायचा. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर डिस्क १०० टक्के, कायम. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला. अशावेळी प्रोसेसरला शिव्या घालण्यात अर्थ नसतो, डिस्क बदलायची.

नवीन लॅपटॉपच घेऊ या का, असंही मी विचारलं होतं. त्यावर मामा म्हणाला, "नव्याला सीडीचा ड्रॉवर नसतो म्हणे." मी म्हटलं आता सीडी कोण वापरतं मामा, आणि पुढे बोलत राहिले. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला पाहिजे होतं.

तर ठरलं असं. जुन्या हार्ड डिस्कला हातच लावायचा नाही, विंडोज, पेजमेकर, डोंगल सगळं आहे तसं ठेवायचं, फक्त ती डिस्क मुख्य जागेवरनं काढून डीव्हीडी रायटरच्या जागी कॅडीत, म्हणजे त्या खोबणीत डिस्क धरणाऱ्या चौकटीत बसवायची. मुख्य जागेवर नवीन एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, तिच्यावर लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम. इंटरनेट, मेल, बँक, व्हॉट्सॲप मिंटमधे, पत्रिका विंडोजमधे, आणि विंडोजचं नेट कायमचं बंद. हीच ती आतनं लावलेली कडी.

मिंटच का, तर उत्तर फार थोर नाही, मी स्वतः वापरते म्हणून. दुसऱ्याच्या घरी अशी सिस्टम टाकावी जिच्यावर फोनवरनं डोळे मिटून मदत करता येईल. त्यातली एक्सएफसीई आवृत्ती घेतली, जुन्या मशीनवर तीच सुटसुटीत चालते, चालू झाल्यावर एक जीबीच्या आतबाहेर रॅम खाते आणि गप्प बसते. सप्टेंबरमधेच २२.२ आलेली, उबुंटू २४.०४ वर बेतलेली, २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं देतात, विल्मा, शिया, आणि ही झारा. मामीला सांगितलं की झारा टाकतेय, तर ती म्हणाली, "झारा? बुंदीचा?" ऐन दिवाळीत हे ऐकल्यावर मग आमच्या घरात त्याचं नाव बुंदीच पडलं. आजही मामा फोनवर "बुंदीत जाऊ का विंडोजमधे" असंच विचारतो.

पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन सामान घेतलं. २५६ जीबीची साटा एसएसडी, ४ जीबीची जुनी रॅम, कॅडी. रॅम घेताना एक बघा, या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना डीडीआर३ एल लागते, म्हणजे १.३५ व्होल्टवाली, नुसती डीडीआर३ ही १.५ व्होल्टची असते, दिसायला दोन्ही सारख्याच. हे मी बघितलं. कॅडीची जाडी बघितली नाही.

भाऊबीजेला, २३ ऑक्टोबरला, आई आणि मी कोयना एक्सप्रेसने मिरजेला. ओवाळणी मामाने द्यायची असते, यंदा बॅगेत मीच घेऊन चालले होते. आईने मामाला ओवाळलं, फराळ झाला, आणि चारच्या सुमाराला पुढच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून लॅपटॉप उलटा केला. त्याआधी मामाची सगळी कामं, पेजमेकरच्या फाइली, कोरलच्या फाइली, स्कॅन केलेले फोटो, मिळून अडतीस जीबी, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घेतली आणि त्यातल्या पाच-सहा फाइली उघडून बघितल्या. नुसती कॉपी झाली म्हणून बॅकअप झाला असं मी मानत नाही, एकदा पोळलेय.

स्क्रू ठेवायला काहीतरी वाटी दे म्हटलं तर मामीने हळदीकुंकवाचं पंचपाळं आणून दिलं. याच्यासारखी सोय नाही, खरंच सांगते. लॅपटॉपचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वर कीबोर्डच्या बाजूला टेंगूळ येतं, पंचपाळ्याच्या एकेका वाटीत एकेक जात टाकली की गोंधळच नाही. फक्त एका वाटीत थोडं कुंकू राहिलं होतं, त्यामुळे मामाच्या लॅपटॉपचे मागचे चार स्क्रू आता लाल आहेत. आत दहा वर्षांचा कापूस, धूळ, आणि पंख्याच्या जाळीत चक्क एक अक्षता. ती कुठल्या लग्नाची, यावर मामा-मामीची पाच मिनिटं चर्चा झाली.

एसएसडी बसली, रॅम बसली. कॅडी बसेना. डीव्हीडी रायटर काढला, कॅडी सरकवली तर तोंडाशीच अडकली. रायटर ९.५ मिलिमीटर जाडीचा आणि मी आणलेली कॅडी १२.७ ची. जेमतेम सव्वातीन मिलिमीटरचा फरक, पण लॅपटॉपच्या खोबणीत सव्वातीन मिलिमीटर म्हणजे भिंतच. दुकानदाराने मला विचारलं होतं, पातळ का जाड, आणि मी आत्मविश्वासाने नॉर्मल द्या म्हणाले होते. मामा म्हणाला, "पत्रिकेचा कागद घेताना आम्ही जीएसएम विचारतो बघ." ऐकून घेतलं.

म्हटलं ठीक, उद्या सांगलीत बघू, आज मिंट तरी टाकू. व्हेंटॉय घातलेला पेन ड्राइव्ह होताच. व्हेंटॉयचं बरं असतं, एकदा पेन ड्राइव्हवर बसवलं की सिस्टमची आयएसओ फाइल नुसती कॉपी करायची, दरवेळी पेन ड्राइव्ह पुसून बनवायची कटकट नाही. पेन ड्राइव्हवरनंच आधी मिंट चालवून बघितलं, वायफाय लागलं, आवाज आला, मग इन्स्टॉल केलं. चहा होईपर्यंत झालं. प्रिंटरची मला सगळ्यात धास्ती होती, त्यासाठी मी दोन संध्याकाळी वाचून तयारी करून गेले होते, केबल लावली, त्याने नाव ओळखलं, पान छापलं. असं झालं की उगाच फसवल्यासारखं वाटतं.

लॅपटॉप रीस्टार्ट केला, पंचवीस सेकंदांत डेस्कटॉप. मामा हात बांधून उभा होता, म्हणाला, "झाला चालू?" झाला. "मग आता पूजा कधी करू मी?"

भाषा मराठी करून दिली तर अर्ध्या तासात परत इंग्रजी करायला लावली. पंचवीस वर्षं एडिट म्हणजे एडिट, तिथे 'संपादन' बघून तो म्हणे हे वर्तमानपत्राच्या ऑफिसात आल्यासारखं वाटतंय. टायपिंगचं मात्र वेगळं झालं. मामा मूळचा टाइपरायटरवाला, मराठी तीस आणि चाळीस दोन्ही परीक्षा पास, त्याची बोटं रेमिंग्टनच्या कळांवर बसलेली. युनिकोड म्हटलं की त्याला सगळ्यांनी इनस्क्रिप्ट नाहीतर ते इंग्रजीत लिहून मराठी होणारं दाखवलेलं, ते त्याला जमलं नाही आणि कोणी दुसरं काही आहे असं सांगितलंही नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर आजवर फक्त अंगठे आणि नमस्कार यायचे. मिंटमधे आयबस आणि त्याचा एम१७एन नावाचा संच टाकला की मराठीसाठी गमभन, फोनेटिक, इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन असे सगळे कीबोर्ड मिळतात. रेमिंग्टन लावून दिला. दोन-चार जोडाक्षरं इकडेतिकडे आहेत म्हणाला, पण हात चालायला लागला. बघताना मजा वाटली, स्क्रीनकडे न बघता टाइप करणारी माणसं मी ऑफिसात रोज बघते पण मराठी तसं टाइप करणारं माणूस कितीतरी वर्षांनी बघितलं, खटखट खटखट, ओळ संपली की डावा हात नकळत उचलला जातो, कॅरेज ढकलायला. आता मला रोज सकाळी अर्ध्या पानाचे मेसेज येतात, परिच्छेद पाडून.

शुक्रवारी सांगलीत दोन दुकानं बंद, तिसऱ्यात ९.५ ची कॅडी मिळाली. यावेळी रायटरच सोबत घेऊन गेले होते. जुनी डिस्क कॅडीत बसवली, कॅडी सरकन आत गेली, रायटर मामीने वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवला. आता मिंटला सांगायचं की बाबा तुझ्या शेजारी विंडोज राहायला आलंय, मेनूत तिचं नाव घाल. त्यासाठी अपडेट-ग्रब नावाची कमांड असते. चालवली. विंडोज नाही. परत चालवली. नाही. फाइल मॅनेजरमधे डिस्क दिसते, आत विंडोजचं फोल्डर दिसतं, मामाच्या पत्रिका दिसतात, पण मेनूत नाव नाही. बायोसमधे, म्हणजे लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगमधे जाऊन जुना मोड लावला की विंडोज चालू होतं, मग मिंट गायब. नवा मोड लावला की मिंट येतं आणि विंडोज गायब. एकाच घरात राहून एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या जावांसारखं.

जेवणं झाल्यावर रात्री अकराला ट्यूब पेटली. तो जो नऊ वर्षांपूर्वीचा प्रवास, विंडोज ७ वरनं १०, तो जुन्या पद्धतीच्या बूटवर झालेला, लेगसी म्हणतात ती, डिस्कची मांडणीही जुनी, एमबीआर. आणि मी काल मिंट टाकताना पेन ड्राइव्ह चालू झाला तो यूईएफआय मोडमधे, म्हणजे नव्या पद्धतीने, मी बघितलंच नाही. यूईएफआयने चालू झालेला मेनू लेगसी विंडोजला हाक मारूच शकत नाही, त्यामुळे ती शोधणारी कमांडही तिला मोजत नाही, सरळ सोडून देते. चूक माझी, कमांडची नाही. विंडोजच्या डिस्कची मांडणी बदलायची एक पद्धत आहे पण चालू पेजमेकरच्या डिस्कवर रात्री अकराला प्रयोग करायची माझी हिंमत नव्हती. मिंटच परत टाकलं, यावेळी बायोसमधे लेगसी ठेवून आणि बूटच्या यादीत पेन ड्राइव्हच्या नावाआधी यूईएफआय लिहिलेलं नाही ना हे दोनदा वाचून. कालचं सगळं परत, आयबस, रेमिंग्टन, प्रिंटर. पावणेदोन वाजता मेनूत खाली विंडोज १० अशी ओळ आली. मामा झोपला होता, त्यामुळे दाखवायला कोणी नाही, मी एकटीनेच डब्यातला एक चिरोटा खाल्ला.

शनिवारी उगाच हौस म्हणून पेजमेकरची एक पत्रिका मिंटमधे लिबरऑफिसने उघडून बघितली. ते पेजमेकरच्या फाइली वाचतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. श्रीलिपीचे फाँट मिंटमधे नव्हते तोवर सगळं टक्के आणि टिंबं, फाँट बघण्यापुरते टाकल्यावर मजकूर वाचता यायला लागला, पण मांडणी हललेली, गणपती वरनं घसरून बरोब्बर वराच्या आत्याच्या नावावर येऊन बसलेला. मामाने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "असं छापून दिलं तर आत्या मला सोडणार नाही." एवढ्या जुन्या बंद पेटीतलं काहीतरी वाचता येतंय हेच मला नवल, उद्या डोंगल मेलंच तर निदान मजकूर तरी हाती लागेल. पण काम करायला नाही.

निघण्याआधी विंडोजमधलं वायफाय डिव्हाइस मॅनेजरमधनंच बंद करून टाकलं. मामाने स्वतः पेजमेकरमधे एक पट्टी तयार केली, श्रीलिपीच्या जाड फाँटात, आणि कीबोर्डच्या वर चिकटवली: 'वरचे — बुंदी (फोन, बँक). शेवटचे — पत्रिका.' आता त्याला कळतं.

पुण्याला येऊन दोन दिवस झाले आणि फोन सुरू झाले. तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला, ते लागलं की पत्रिकांची रांग, त्यामुळे मामा घाईत. पहिली तक्रार, गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बुंदीमधनं डी ड्राइव्हवर सेव्हच होत नाही, फक्त वाचता येतं म्हणे. हे ओळखीचं दुखणं आहे. विंडोजमधे फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो, त्यात शट डाउन म्हटलं तरी ती पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवते, डिस्कचा हिशोबही स्वतःकडेच अर्धा ठेवून घेते. मग लिनक्स येतं आणि बघतं की हिशोब अर्धवट आहे, म्हणून शहाणपणाने फक्त वाचायला देतं, लिहू देत नाही. विंडोजमधे हायबरनेट बंद केलं की सुटतं. फोनवर कमांड सांगितली, मामाने टाइपरायटरवाल्या इमानदारीने एकेक अक्षर विचारून टाइप केली, स्पेस किती देऊ तेही विचारलं. झालं.

दुसरी तक्रार जास्त गमतीची. मामा पहाटे पाचला उठून कामाला बसतो. म्हणाला बिलावर तारीख कालची पडतेय. मी म्हटलं तारीख बदल. बदलली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मला वाटलं बायोसचा सेल गेला असणार, बटनासारखा तो गोल सेल, दहा वर्षांत संपतोच, आणि तसं झालं तर परत लॅपटॉप उघडायचा, परत पंचपाळं. पण जाताजाता विचारलं, वेळ किती दाखवतोय आत्ता? म्हणाला, "माझ्या घड्याळात पाच वाजून दहा. यात रात्रीचे अकरा चाळीस." वजाबाकी केली. साडेपाच तास. बरोब्बर साडेपाच. सेल संपला की घड्याळ कुठल्याकुठे जातं, नेमकं साडेपाच तास मागे जात नाही.

साडेपाच तास म्हणजे आपल्यात आणि ग्रिनिचमधे जे अंतर आहे ते. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना साडेपाच मिळवतं. विंडोज त्याच घड्याळात बघते आणि ते स्थानिकच आहे असं समजून आहे तसं दाखवते. नेट असतं तर विंडोजने आपणहून वेळ सुधारली असती, पण नेट मीच कापलेलं. त्यामुळे मामा रात्री बुंदीत बँकेचं बघून झोपायचा आणि पहाटे विंडोज त्याला आदल्या दिवशीची मिरज दाखवायची. दिवसा काम केलं असतं तर तारीख बरोबर आली असती आणि आम्हाला कळलंही नसतं.

उपाय एका ओळीचा, मिंटला सांगायचं की घड्याळात स्थानिक वेळच लिही. कमांड व्हॉट्सॲपवर पाठवली, मामाने ती मिंटमधल्या व्हॉट्सॲप वेबवरनं उचलून टर्मिनलमधे चिकटवली, पासवर्ड टाकला. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही म्हणून घाबरला, म्हटलं दिसत नसलं तरी जातंय, एंटर मार. मग विंडोजमधे जाऊन वेळ एकदा बरोबर केली. ठीक झालं. तोवर तीन बिलं आदल्या दिवशीच्या तारखेची गेली होती, एका गिऱ्हाइकाने तर विचारलंही की काल पत्रिका ठरवायलाच आलो नव्हतो, बिल कालचं कसं.

एकूण खर्च तीन हजारांच्या आत, चुकीची कॅडी धरून. ती माझ्या टेबलावर आहे, १२.७ ची कोणाला लागत असेल तर सांगा.

परवा परत फोन. मला वाटलं अपडेटचं काहीतरी असेल, कारण मिंटच्या त्या अपडेटच्या ढालीवर टिंब आलं की तो फोन करतो, अपडेट करू का म्हणून. तर तसं नव्हतं. २००९ सालच्या एका लग्नाची पत्रिका त्याला पाहिजे होती, त्याच घरातल्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलंय आणि त्यांना मजकूर, नावांचा क्रम, सगळं तसंच हवंय. म्हटलं डी ड्राइव्हवर बघ, सगळं आहे तिथे. म्हणाला, "तिथं २०१५ पासनंचं आहे ना बाळा. त्याच्या आधीचं सगळं सीड्यांवर." कपाटात खालच्या कप्प्यात दोन चपलांचे खोके भरून सीड्या आहेत, वर्षवार, स्केचपेनने नावं घातलेल्या. मला अडतीस जीबी म्हणजे पंचवीस वर्षांचं काम वाटत होतं. आणि तो ऑगस्टमधेच मला म्हणाला होता, ड्रॉवर नसतो म्हणे.

आता कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या रायटरसाठी यूएसबीची बाहेरची पेटी शोधतेय. त्याही दोन जाडीच्या येतात. ९.५ मागितलीय, आणि दुकानदाराकडनं पट्टी लावून फोटो मागवलाय.